आबांची रेघ

आबांना ऐकू येईनासं झालं हे त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा वाईट वाटण्याआधी मला रागच आला. ज्या माणसानं उभी नोकरी बारामतीच्या तारघरात काढली, बाहेर एसटीचे हॉर्न आणि आत माणसांची घाई चालू असताना यंत्राच्या टकटकीतून दुसऱ्यांची सुखदुःखं अचूक टिपून घेतली, त्याचेच कान जावेत, हा कुठला न्याय? पण चिडून कान परत येत नाहीत.

वहिनी पर्थहून बोलत होत्या. आबांची बायको गेल्यावर मुलानं त्यांना ऑस्ट्रेलियाला नेलं, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. "फोन दिला तर नुसता हातात धरून बसतात," वहिनी म्हणाल्या. "कानाचं यंत्र आणलं, ते काढून खिशात ठेवतात. आम्ही पाटीवर लिहून बोलतो त्यांच्याशी. पण तो रेडिओ काही सोडत नाहीत. दर रविवारी संध्याकाळी बसून टकटक चालू असते."

ते काय करतात हे मला सांगायची गरज नव्हती. हॅम रेडिओचा नाद त्यांनीच मला लावला होता. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात सेट मांडायचा, बाहेर तार ताणायची आणि जगात कुठंही असल्याच वेड्या माणसाशी थेट बोलायचं. आम्ही दोघं मोर्समध्ये बोलायचो, टिंब आणि रेघ. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. आबा पर्थला गेल्यावरही दर रविवारी आमची गाठ पडायची. मग त्यांची इमारत बदलली, छपरावर तार लावायला बंदी आली. बाल्कनीत आतल्या बाजूनं लावलेली हातभर तार आणि टॉर्चच्या बल्बाएवढी ताकद असलेला छोटा सेट, एवढंच त्यांच्याकडं उरलं. त्यांचा आवाज बारीक होत होत एका रविवारी खरखरीत बुडाला तो पुन्हा वर आलाच नाही. मी समजले, म्हातारा थकला. म्हातारा थकलेला नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं, तरी तो पाठवत होता.

"त्यांचा निरोप आहे," वहिनी म्हणाल्या. "पोरीला सांग, मी रविवारी पाठवत जाईन. अगदी सावकाश पाठवीन, परत परत तेच पाठवीन. कळलं तर मला कळव." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दिवाळीनंतर आम्ही नव्या घरात जातोय. तिथं बाल्कनी नाही. ह्यांनी ठरवलंय, सेट कुणाला तरी देऊन टाकायचा. कुणालाच ऐकू जात नाही तर आबांनी स्वतःला फसवायचं कशाला, असं म्हणतात. आबा गप्प बसतात. मला ते गप्प बसणं बघवत नाही हो."

"आणि मला ऐकू आलं तर?"

"तर मी भांडेन. खिडकीबाहेर तार लावायची परवानगी आणीन. पण नुसतं ऐकू आलं म्हणून चालणार नाही. काय ऐकलं ते सांगावं लागेल."

मी म्हटलं, सांगीन. दिवस उन्हाळ्याचे होते, दिवाळी लांब होती, आणि मी तेव्हा तिशीतली, स्वतःवर नको तेवढा भरवसा असलेली बाई होते.

वालचंदनगरला मी एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअरांच्या पेन्सिलीच्या आकृत्यांवर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि शाईनं स्वच्छ, एकसारखी रेघ ओढायची, हे माझं काम. वडील कारखान्यातच, राहणं क्वार्टरमध्ये. नोकरीत नवी होते तेव्हा ऑफिसातल्या एकानं सांगितलं की निरवांगीला एक रिटायर्ड तारमास्तर घरबसल्या रशियाशी बोलतात. मी रविवारी सायकल काढली आणि विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर गेले.

आबा ओट्यावर बसले होते. मी कोण, कुठली, काम काय, काही न विचारता म्हणाले, "जेवलीस का?"

मी लगेच हो म्हटलं. आमचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. आईनं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, दुसऱ्याच्या दारात कुणी जेवलीस का विचारलं तर हो म्हणायचं, म्हणजे त्यांचीही पंचाईत होत नाही आणि आपलीही. आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "खोटं बोलतीस. तोंड सांगतंय की. उपाशी माणसाचा हात लटपटतो, टिंबाची रेघ होती. चल आत." आणि मला सरळ चुलीपुढं नेऊन आपल्या धाकट्या भावाशेजारी बसवलं. आबांच्या बायकोनं, काकूंनी, ताट वाढलं. भाकरी मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, एवढं आठवतं.

पुढं दोन वर्षं शिकवणी चालली. ती पेन्सिलीनं टेबल वाजवून व्हायची. चुकलं की आबा चिडत नसत, नुसते तेच अक्षर पुन्हा वाजवत, पुन्हा वाजवत, मला रडू येईपर्यंत. परीक्षेला पुण्याला निघाले तेव्हा म्हणाले, "घाईनं लिहू नको. ऐकलंस तेवढंच लिही. अंदाजानं एक अक्षर टाकलंस तर मी तुला वळखत न्हाय." तारघरात अंदाजानं टाकलेल्या एका अक्षरानं कुणाचा बाप मरू शकतो, असं ते म्हणायचे.

तर ती दिवाळी गाठायची होती. एवढा बारीक आवाज धरायला वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये सेट लावून उपयोग नव्हता. कारखान्याच्या वेल्डिंगची खरखर भिंतीतून यायची. मी माझा रिसीव्हर, जुना कॉम्प्युटर आणि तारेचं भेंडोळं टमटममध्ये घालून निरवांगीला नेलं. आबांचं घर बंद असे. किल्ली तात्यांकडं, म्हणजे त्या धाकट्या भावाकडं. तात्या शेजारच्याच घरात राहायचे, वांगी-टोमॅटो आणि थोडं डाळिंब करायचे, आणि थट्टा केल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे.

"अगं, त्यो तिकडं समुद्रापल्याड बसलाय, आन् तू हितं," ते म्हणाले. "आमी बांधावरनं हाक मारली तर बायकूला ऐकू जात न्हाय."

"तात्या, त्यांना ऐकू जात नाही, की त्या ऐकत नाहीत?"

"व्हय, ते बी हायच," म्हणून त्यांनी किल्ली दिली.

कानानं ऐकायचा प्रश्नच नव्हता. आबांचा आवाज खरखरीच्या कितीतरी खाली होता. पण त्या सुमारास हॅम लोकांनी एक युक्ती काढली होती. एकेक टिंब काही सेकंद लांब करायचं, इतकं सावकाश की कानाला त्याचा अर्थच लागू नये. रिसीव्हरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये सोडायचा आणि त्याचं चित्र काढायचं. चित्रात खरखर म्हणजे विखुरलेली मोहरी. एकाच सुरात टिकून राहिलेला बारीक आवाज मात्र रेघ होऊन उमटतो. आखूड रेघ म्हणजे टिंब, लांब म्हणजे रेघ. कान हरतो तिथं डोळा वाचतो.

अट एकच. रिसीव्हर जागेवर टिकला पाहिजे. त्याच्या पोटात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, त्याच्या थरथरीवर सगळं मोजमाप चालतं. तो ऊन चढलं की एकीकडं सरकतो, वारा सुटला की दुसरीकडं. कानाला ते कधीच कळत नाही, पण या खेळात सगळं चित्र दोन-तीन हर्ट्‌झच्या पट्टीतलं. पहिल्या रविवारी पडद्यावर सापाचा माग उमटावा तशी वाकडी धूसर वळणं दिसली आणि विरली. आबा सरकत होते की माझा स्फटिक, काहीच सांगता येत नव्हतं.

आबांच्या अंगणात जुनं पेव होतं. पूर्वी त्यात ज्वारी साठवायचे. जमिनीत माणूसभर खोल खड्डा, वर दगडी झाकण. आत मे महिन्यातही गार आणि थंडीतही उबदार. मी स्फटिकाची सगळी जोडणी पत्र्याच्या डब्यात बसवली, भोवती थर्माकोल गुंडाळला, दोरीनं डबा पेवात सोडला आणि केबल खिडकीतून आत घेतली. दुसऱ्या रविवारी चित्र इतकं सरळ आलं की मी तात्यांना ओढत आणून पडदा दाखवला. त्यांना त्यात काही दिसलं नाही, मला मात्र एक फिकट रेघ दिसली, तुटत तुटत जाणारी. आबा तिथं होते. अक्षर एकही लागत नव्हतं, पण होते. मला इतका आनंद झाला की मी तात्यांच्या चुलीवरचा चहा उतू घालवला.

मग कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, आली. नीरेचं पाणी चारीला सुटलं, चारीतून तात्यांच्या वांग्यात गेलं आणि वांग्यातून झिरपत पेवाच्या भिंतीत उतरलं. डबा बुडाला नाही, पण त्याच्याभोवतीची माती गार पडली आणि स्फटिक हळूहळू असा कलला की चित्रातली प्रत्येक रेघ उतरणीला लागली. जमिनीनं पाणी पिण्याचा हिशेब जगातल्या कुठल्याही रेडिओच्या पुस्तकात नसेल. माझ्या तो ध्यानात यायला हवा होता, कारण मी त्याच पाण्यावर वाढलेली. पण मी पेवाच्या गारव्यावर लुब्ध झाले होते.

तात्या म्हणाले, "पानी बंद करू व्हय तुझ्यासाठी? वांगी काय मोर्स पिऊन जगत्यात?"

मी हट्टाला पेटले. चित्रं कागदावर छापून घेतली. आबा दर दहा मिनिटांनी तोच मजकूर पहिल्यापासून पाठवायचे, म्हणजे एका संध्याकाळी त्याच मजकुराच्या पाच-सहा प्रती मिळायच्या. एका प्रतीत जे फिकट, ते सगळ्या प्रती एकावर एक ठेवल्या तर गडद व्हायला हवं. खरखर दर वेळी वेगळी पडते, रेघ दर वेळी तिथंच. मी ट्रेसर. एकावर एक कागद ठेवून आरपार पाहणं हा माझा धंदाच. दोन डब्यांवर खिडकीची काच ठेवली, खाली बल्ब लावला, आणि प्रतींवर ट्रेसिंग पेपर पसरले. कॉम्प्युटरचं घड्याळ लोडशेडिंगनं दर वेळी कोलमडायचं, त्यामुळं कुठली प्रत नेमकी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. मग मी हातानं जुळवायला लागले. हा कागद जरा डावीकडं, तो जरा खाली, ही रेघ त्या रेघेवर. आणि हळूहळू, अंगावर काटा यावा तशी, अक्षरं उमटली. एन. आय. आर. डब्ल्यू. पुढचं वाचायचीही गरज नव्हती. म्हाताऱ्याला गावाची आठवण येत होती. माझे डोळे भरून आले.

इंदापूरच्या एसटी स्टँडजवळच्या बूथवरून फोन लावला. "वहिनी, शब्द निरवांगी आहे. त्यांना लिहून दाखवा."

पलीकडं पाटीवर खडू वाजला. मग आबांचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. ऐकू न येणाऱ्या माणसाचं हसणं, त्याला आपण किती मोठ्यानं हसतोय ते कळत नाही. वहिनी परत आल्या तेव्हा अवघडल्या होत्या. "नाही म्हणाले. म्हणाले, कागद खरा असंल, पण पोरगी मनानं वाचतीय."

मी फोन ठेवला आणि बूथमधून बाहेर आले. लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती. मी ती अक्षरं खरोखर पाहिली होती. म्हणजे मला जे हवं ते मला त्या मोहरीतून काढता येत होतं. ट्रेसरच्या हाताला सवय असते, खालची रेघ थरथरली असली तरी वरची सरळ ओढायची. इंजिनिअरच्या चुका आम्ही अशाच सरळ करून द्यायचो आणि शाबासकी घ्यायचो. तोच हात इथं आबांच्या तोंडी माझे शब्द घालत होता.

त्या दिवशी मी ठरवलं, कागद जुळवणं माझ्या हातात ठेवायचं नाही. कागद कुठं सुरू होतो आणि रेघ कुठल्या उंचीवर आहे, या दोन्ही गोष्टी अशा कुणीतरी ठरवायच्या ज्याला आबाही माहीत नाहीत आणि मीही.

असं कुणीतरी आभाळात होतं. अमेरिकेचे जीपीएसचे उपग्रह, जहाजांना वाट दाखवणारे. त्यांच्या पोटात अणुघड्याळं असतात आणि जमिनीवरचा रिसीव्हर त्यांच्याकडून दर सेकंदाला एक टिचकी घेतो, जगात सगळीकडं एकाच क्षणी. पुण्यातल्या एका हॅम मित्राकडं असा एक बोर्ड होता, कुठल्याशा सर्वेक्षणाच्या यंत्रातून काढलेला. तो नुसता द्यायला तयार नव्हता, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला माझा ट्रान्समीटर हवा होता. मी स्वतः जोडलेला, वर्षभर खपून, बारामतीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एकेक भाग शोधून.

"विचार कर," तो म्हणाला. "मग तुला फक्त ऐकता येईल. बोलता येणार नाही."

"ज्यांच्याशी बोलायचंय त्यांना कुठं ऐकू येतंय," मी म्हटलं आणि ट्रान्समीटर देऊन टाकला. परतीच्या एसटीत बोर्ड मांडीवर घेऊन बसले होते. भिगवणपर्यंत रडले आणि पुढं इंदापूरपर्यंत सर्किट काढत गेले.

जीपीएसच्या अँटेनाला उघडं आभाळ लागतं. तात्यांच्या पाण्याच्या टाकीवर तो काडेपेटीएवढा ठोकळा बसवून वर श्रीखंडाचा रिकामा डबा पालथा घातला. तात्या खालून बघत होते. "ह्येच्यातनं अमेरिकेला आमचं वांगं दिसंल का?"

"किडकं असलं तरी दिसेल."

"मग काढ त्यो डबा," म्हणाले, पण शिडी त्यांनीच धरली होती.

आता टिचकीनं स्फटिकाला वळण लावायचं. दोन टिचक्यांच्या मध्ये स्फटिक किती वेळा थरथरला ते मोजायचं, कमी असेल तर थोडा पुढं ढकलायचा, जास्त असेल तर मागं ओढायचा. कागदावर सोपं. प्रत्यक्षात जोडल्यावर स्फटिक वेड्यासारखा उड्या मारायला लागला, होता त्याहून वाईट. मी दोन रविवार त्यात घालवले आणि कुणाशीही धड बोलले नाही. मग पुण्याच्या मित्रानं फोनवर समजावलं. त्या काळी अमेरिकेचं लष्कर सामान्य लोकांसाठीची टिचकी मुद्दाम हलवून द्यायचं. कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा, म्हणजे शत्रूला नेमका नेम धरता येऊ नये. मी प्रत्येक टिचकीला खरी मानून स्फटिकाला धपाटे घालत होते.

तेव्हा उलटा विचार केला. क्षणाक्षणाला स्फटिक शहाणा, तो उड्या मारत नाही. दिवसभराच्या हिशेबाला टिचक्या शहाण्या, त्यांची लवकर-उशीर एकमेकांत जिरून जाते. म्हणून एकट्या टिचकीचं ऐकायचं नाही, हजारोंची बेरीज होऊ द्यायची आणि मग स्फटिकाला अगदी हलकं, कळेल न कळेल असं बोट लावायचं. असं केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरचा काटा जो थांबला तो थांबला. कालव्याचं पाणी पुन्हा पेवाच्या भिंतीला आलं तरी काटा हलला नाही. मी पेवाच्या झाकणावर बसून मोठ्यानं हसले. इतकं साधं बरं वाटणं मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही.

तरी एक काम उरलं होतं. आबांची वेळ आमच्याकडं दिवस मावळतीची, आणि त्याच वेळी शिवारात थ्री फेजची लाईट यायची. ऑटो स्टार्टर लावलेल्या मोटारी धडाधड आपोआप सुरू व्हायच्या आणि प्रत्येक स्टार्टरची ठिणगी माझ्या पडद्यावर पांढरा फटकारा मारायची. मोटारी बंद करा असं मी कुणाला म्हणणार? लाईट आहे तेवढ्या वेळात पिकाला पाणी द्यायचं असतं. मी स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपर घेतला आणि जवळच्या सगळ्या विहिरींवर जाऊन स्टार्टरचे जळके काँटॅक्ट घासून दिले. मोटारींचे मालक खूश. तात्या म्हणाले, "आबाच्या नादानं पोरगी शेवटी वायरमन झाली." फटकारे कमी झाले, संपले नाहीत. तेवढ्यावर भागवायचं ठरवलं.

तोवर दिवाळी झाली होती. वहिनींनी सांगितलं, हा रविवार शेवटचा, पुढच्या आठवड्यात सामान बांधायला माणसं येणार. त्यांनी दुपारीच बातम्यांच्या वेळेला आबांचं मनगटी घड्याळ सेकंदावर लावून दिलं होतं, म्हणजे प्रत्येक प्रत नेमक्या दहाव्या मिनिटाला सुरू व्हावी. आबांना सांगितलं होतं, शेवटचं आहे. आबांनी नुसती मान हलवली होती.

त्या रविवारी सकाळपासून मी निरवांगीला होते. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, लाईट गेली तरी कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून. जोडणी तपासली, पुन्हा तपासली. तात्यांच्या बायकोनं दोनदा हाक मारली, मी येते येते म्हणून टाळलं. दिवस मावळला, चित्रं येत गेली, एकामागून एक, आणि प्रत्येकात मला मोहरीशिवाय काहीही दिसलं नाही. आबा आहेत की नाहीत तेही कळेना. मधेच कुणाची तरी मोटार सुरू झाली आणि एक अख्खी प्रत वाया गेली. मी दात ओठ खात उरलेल्या छापून घेतल्या.

या वेळी प्रत्येक कागदाच्या खालच्या काठाला उपग्रहाच्या टिचकीनं मिनिटाच्या खुणा उमटल्या होत्या आणि उभ्या काठाला त्या टिचक्यांना बांधलेल्या स्फटिकाची, उंची ठरवणारी खूण. कागद काचेवर ठेवले. खुणेवर खूण, टाचणी, खुणेवर खूण, टाचणी. चित्राकडं मी पाहिलंच नाही, ते ट्रेसिंग पेपरच्या कोऱ्या पट्टीनं झाकून ठेवलं होतं. सगळे कागद पक्के झाल्यावर पट्टी काढली आणि बल्ब लावला.

रेघ होती. थोडी कललेली, वरून खाली उतरत गेलेली. माझा स्फटिक हलत नव्हता हे मला आता पक्कं माहीत होतं, त्यामुळं ती उतरण आबांच्या सेटची होती, तो गरम होत चालल्याची. म्हणजे रेघ खरी होती. मला हवी तशी सरळ नव्हती, म्हणूनच खरी होती. तिला सरळ करायला माझा हात शिवशिवला नाही.

मी डावीकडून सुरुवात केली आणि अंदाजानं एकही अक्षर टाकायचं नाही असं मोठ्यानं स्वतःला बजावलं. टिंब, रेघ, रेघ, रेघ. जे. मग एकटं टिंब. ई. मग तीन टिंबं आणि रेघ. व्ही. या अक्षरांनी सुरू होणारं काहीच माझ्या मनात नव्हतं, आणि मला त्याचंच बरं वाटलं. एल. आय. एस. मग मोठी जागा. के. ए.

जेवलीस का.

इतक्या लांबून, टॉर्चच्या बल्बाएवढ्या ताकदीवर, कुणी ऐकतंय की नाही ते कळायची सोय नसताना, ते महिनोन्‌महिने दर रविवारी मला एवढंच विचारत होते. आणि मी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं.

फोन करायला धावले नाही. त्या माणसाला हे एक उत्तर खोटं देता येत नाही, ते मी पहिल्याच दिवशी शिकले होते. उठून तात्यांच्या घरी गेले. सगळ्यांची जेवणं झाली होती. मी म्हटलं, "काकी, काय असेल ते वाढा." तात्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. मी सगळं जेवले, सावकाश. मग तात्यांनी मला त्यांच्या एम-एटी गाडीवर मागं बसवून निमगावच्या बूथवर नेलं.

वहिनींनीच फोन उचलला. "लागलं काही?"

"त्यांना पाटीवर लिहा," मी म्हटलं. "व्हय आबा, जेवले."

"एवढंच? आणि शब्द?"

"एवढंच लिहा, वहिनी."

खडू वाजला. तात्या काचेबाहेरून खुणेनं काय झालं विचारत होते. मग वहिनींचा आवाज आला, रडवेला, पण माझ्याशी नव्हे, नवऱ्याशी. "बघितलंत? आता हात लावून दाखवा त्या सेटला!" आणि त्यांच्या मागून, सगळी इमारत जागी होईल एवढ्या मोठ्यानं, आबा ओरडले,

"काय जेवली इचार!"

मी फोन घट्ट धरला आणि एकेक शब्द सुटा करून, वहिनींना पाटीवर नीट लिहिता यावा म्हणून सावकाश सांगितलं, "भाकरी. वांग्याची भाजी. तात्यांच्या मळ्यातली."